रीथमधले लाल मणी : नाताळातलं एक प्रकरण

पेशंट : मुलगी, वय तीन वर्षं दोन महिने, वजन १३ किलो, राहणार कोथरूड. आधीचा काही आजार नाही, लसी वेळेवर झालेल्या. तिला इथे मनू म्हणू. घरच्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तक्रार : नाताळच्या रीथवरची लाल फळं खाल्ली.

मनूच्या सोसायटीत गणपती, दांडिया आणि नाताळ तिन्ही सारख्याच हौसेने होतात. २४ डिसेंबरला चौकटीवर दिवाळीपासूनचं तोरण आणि सेफ्टी डोअरच्या जाळीवर रीथ, म्हणजे नाताळात दारावर टांगतात तो गोल हार, असा थाट होता. मुलांना दिसावी म्हणून रीथ मुद्दाम खाली बांधलेली. मावशीने ती हस्तकलेच्या एका प्रदर्शनातून आणली होती. कडेला काटे असलेली चकचकीत हिरवी पानं आणि पानांच्या बेचक्यात तीन-तीन लाल गोळ्यांचे झुबके. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास मनू दाराशी बसून काहीतरी चघळताना आजीला दिसली. आजीने तोंडात बोट घालून होतं नव्हतं ते बाहेर काढलं : लाल टरफलाचे दोन तुकडे आणि थोडा पिवळट चुरा. तो तिने टाकून न देता रुमालात बांधून ठेवला. पुढच्या सगळ्या हिशेबात हा रुमाल फार उपयोगी पडला.

मला फोन आला तो पावणेनऊला. मधल्या वेळात घर स्वस्थ बसलं होतं असं नाही. आईने मनूच्या चुळा भरून घेतल्या. शेजारच्या काकांनी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला सांगितलं, ते आजीने होऊ दिलं नाही. हे बरंच झालं. मिठाच्या पाण्याने लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत चढू शकतं, आणि उलटी श्वासनलिकेत गेली तर ते दुखणं वेगळंच. मावशीने रीथचा फोटो काढून मोबाइलवर शोधला. उत्तर ताबडतोब आलं : हॉली. मग हॉलीच्या फळांबद्दल जे जे सापडलं ते सगळ्यांनी मिळून वाचलं, आणि वाचून त्यांना हायसं वाटलं.

जे वाचलं ते चुकीचं नव्हतं. युरोपातली हॉली, इलेक्स अ‍ॅक्विफोलियम, हे सदाहरित झाड. नर वेगळा, मादी वेगळी. फळं फक्त मादीला धरतात. फळात सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात. रिठ्याला फेस येतो तोही सॅपोनिनमुळेच. ती पोटात गेली की आतड्याचं अस्तर चिडतं. मुलाने एखाद-दोन फळं खाल्ली तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. मूठभर खाल्ली तर मळमळ, उलट्या, जुलाब होतात आणि काही मुलं गुंगल्यासारखी होतात. जुन्या पुस्तकांत इतक्या फळांनी मूल दगावतं असे आकडेही छापलेले दिसतात, पण अलीकडच्या विषमाहिती केंद्रांचा अनुभव इतका भीतिदायक नाही. पाणी पाजा, लक्ष ठेवा, उलट्या-जुलाब थांबेनात तर दवाखाना गाठा, एवढाच बहुतेकांचा सल्ला असतो. फळ नरड्यात अडकण्याची आणि पानाचा काटा टोचण्याची धास्ती विषापेक्षा जास्त.

घरातल्या निश्चिंतीला आणखी एक टेकू होता. मनूचे बाबा रोज सकाळी जिमला जाण्याआधी येर्बा माते पितात. दक्षिण अमेरिकेतला हा चहा हल्ली पुण्यातही मागवून पिणारे आहेत. त्याच्या पाकिटावर शास्त्रीय नाव छापलेलं होतं : इलेक्स पॅराग्वारिएन्सिस. "म्हणजे मी रोज हॉलीच पितोय की," असं म्हणून त्यांनी विषय जवळजवळ मिटवला होता. शिवाय मावशीच्या पर्समध्ये 'हॉली' असं लेबल असलेली पुष्पौषधीची बाटली होती. तिच्या मुलाच्या हट्टीपणासाठी कुणीतरी दिलेली. तीही पुरावा म्हणून पुढे आली.

तरीही फोन केला तो आजीच्या आग्रहाने. मावशीची दोन्ही मुलं लहानपणापासून माझ्याकडे येतात, त्यामुळे नंबर होता. फोनवरचा पहिला प्रश्न असा होता : "डॉक्टर, हॉली खाल्ली आहे, तर रात्री दूध द्यायचं का?"

अशा फोनला मी सहसा उत्तर देत नाही, उलट प्रश्न विचारते. किती वाजता? मूल आत्ता काय करतंय? खेळतंय की पेंगतंय? तोंडाला फोड, लाळ, ठसका? आणि मग सगळ्यांत महत्त्वाचं : जे खाल्लं त्यातलं उरलेलं समोर आहे का? कारण पुण्यात ताजी हॉली सहसा दिसत नाही. ते थंड, ओलसर हवेतलं झाड. आपल्या एप्रिल-मेमध्ये ते जगवायचं तर मोठी उस्तवार. हिमालयात इलेक्सच्या जाती आहेत, पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडच्या शोला जंगलांतही आहेत, पण त्यांची फळं कोथरूडच्या दारावर लटकण्याचं कारण नाही. परदेशातून ताज्या फांद्या आणायच्या तर वनस्पती विलगीकरणाची परवानगी लागते. हस्तकलेच्या प्रदर्शनातली रीथ त्या सोपस्कारातून आली असेल हे पटेना.

"त्यातली एक गोळी काढा आणि नखाने दाबून बघा," मी म्हटलं. हॉलीचं फळ गरवाळ असतं. वाळलं तरी सुरकुततं, दाबलं की टिचतं, आत बहुधा चार कठीण बिया निघतात. थर्माकोलची गोळी असेल तर नख रुततं. प्लास्टिकची असेल तर शिवण दिसते.

बाबांनी दाबली. "नख लागतच नाहीये. काचेसारखी आहे."

"पान कसं आहे?"

"पान..." मागे कुणीतरी पान चुरगाळल्याचा आवाज आला. "पान प्लास्टिकचं आहे."

इथे फोटोवरून झाड ओळखण्याचा सगळा खेळ उलगडला. मोबाइलने पान ओळखलं होतं आणि बरोबर ओळखलं होतं. कारखान्यात ते हॉलीसारखंच बनवलेलं होतं. पण मनूने पान खाल्लंच नव्हतं.

मी त्यांना गोळी पूर्ण उपटून मागची बाजू बघायला सांगितली. ग्लू गनच्या डिंकाचा पांढरट थेंब गोळीच्या बुडाला चिकटून आला होता. बाबांनी तो सोलला आणि मला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर काही नीट दिसायच्या आत आजींचा आवाज आला : "अगंबाई, ही तर गुंज!"

लाल गोळीच्या बुडाशी काळा डोळा होता. तोच भाग डिंकात बुडवून चिकटवल्यामुळे वरून नुसता लाल रंग दिसत होता. आजींचे वडील जुन्नरकडचे सोनार. त्यांच्या पेढीवर गुंजा वजनाला असायच्या. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे ९६ गुंजांचा तोळा. एक गुंज साधारण १२० मिलिग्रॅमची. आजींनी लहानपणी त्या हजारोंनी हाताळल्या होत्या आणि "तोंडात घालायची नाही" हे त्याच वयात ऐकलं होतं.

मी सांगितलं : काही खायला-प्यायला देऊ नका, रुमाल आणि अख्खी रीथ पिशवीत घाला, लगेच निघा.

गुंजेची गोष्ट हॉलीहून फार वेगळी आहे. गुंज म्हणजे अ‍ॅब्रस प्रिकेटोरियस, कुंपणावर चढणारी वेल. सह्याद्रीच्या पायथ्याला कुठेही सापडते. बीमध्ये अ‍ॅब्रिन नावाचं प्रथिन असतं, एरंडाच्या बीतल्या रिसिनचं भावंड. त्याच्या रेणूचे दोन भाग. एक भाग पेशीला चिकटून दार उघडतो, दुसरा आत शिरतो आणि प्रथिनं तयार करणारी रायबोसोम ही यंत्रणाच मोडून ठेवतो. पेशी नवीन प्रथिन बनवू शकत नाही आणि मरते. पहिला मार आतड्याच्या अस्तराला बसतो, कारण तिथल्या पेशी सतत नव्याने तयार होत असतात. उलट्या, पोटात कळा, जुलाब, कधी रक्ताचे जुलाब. तीव्र विषबाधेत पुढे शरीरातलं पाणी आणि रक्तदाब घसरतो, यकृत आणि मूत्रपिंडं कोलमडतात. याला उतारा नाही. लक्षणं काही तासांत दिसतात, पण एक-दोन दिवस लांबूही शकतात. म्हणून 'आत्ता तर छान खेळतेय' याला इथे फारसा अर्थ नाही.

दिलाशाची एक बाजूही आहे आणि ती त्या बीच्या टरफलात आहे. पिकलेल्या गुंजेचं कवच इतकं टणक असतं की अख्खी गिळली तर बहुधा जशीच्या तशी शीतून बाहेर पडते. चावली, फोडली किंवा माळेसाठी भोक पाडलेली असली तर विष मोकळं होतं. चांगली चावलेली एक गुंज मुलाला पुरे, असं न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत आम्ही शिकलो. प्रत्यक्षात वेळेवर सलाइन आणि देखरेख मिळालेली बहुतेक मुलं बरी होतात. ही दोन्ही विधानं एकाच वेळी डोक्यात ठेवून रात्र काढावी लागते.

तेव्हा मनूच्या बाबतीत प्रश्न उरला तो असा : किती खाल्ल्या, आणि त्यातल्या किती फोडल्या?

रुग्णालयात साडेनऊला पोचल्यावर निवासी डॉक्टरांनी मनूला तपासलं आणि मी रीथ तपासली. मनू शुद्धीत, थोडी वैतागलेली. नाडी, रक्तदाब वयाला साजेसे, पोट मऊ, तोंडात व्रण नाहीत. तीन वर्षांच्या मुलाला साधारणपणे सगळे वीस दुधाचे दात आलेले असतात, मनूलाही होते. म्हणजे फोडायची ताकद होती. रीथवर आठ झुबके, प्रत्येकात तीन, म्हणजे डिंकाच्या २४ खुणा. बाबांनी उपटलेली धरून १८ गुंजा रीथसोबत होत्या. मामा घरी थांबला होता, त्याने चपलांच्या रॅकखाली बॅटरी मारून दोन शोधल्या. उरल्या चार. रुमालातला चुरा आणि टरफलाचे तुकडे जुळवले तर साधारण एका गुंजेचा ऐवज होत होता, पण पूर्ण नव्हे. तीन बेपत्ता.

अशा वेळी जे माहीत नाही ते वाईट बाजूने धरायचं. एक गुंज नक्की फुटली, तिचा काही भाग पोटात गेला, आणखी तीन पोटात असू शकतात, असं धरून दाखल करून घेतलं. अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल, म्हणजे पोटातलं विष शोषून घेणारी कोळशाची पूड, किलोला एक ग्रॅम या हिशेबाने १३ ग्रॅम, पाण्यात कालवून दिला. खाऊन दोन तास होत आले होते. चारकोलचा खरा फायदा पहिल्या तासाभरात, आणि अ‍ॅब्रिनसारखं प्रथिन तो किती धरून ठेवतो याबद्दल फार विश्वास बाळगण्यात अर्थ नाही. पण गुंजेचं बी सावकाश विष सोडतं, मूल पूर्ण शुद्धीत होतं, स्वतः गिळत होतं, म्हणून दिला. निम्मा प्यायली, उरलेला आईच्या कुर्त्यावर गेला. पोट धुतलं नाही. रक्ताच्या पायाभूत तपासण्या केल्या : हिमोग्लोबिन आणि पेशी, क्षार, यकृत, मूत्रपिंड, रक्त गोठण्याची वेळ. अ‍ॅब्रिनची चाचणी नेहमीच्या रुग्णालयात होत नाही, तेव्हा या तपासण्या विष सापडावं म्हणून नसतात, उद्या काही बिघडलंच तर आजचा आकडा हाताशी असावा म्हणून असतात.

रात्री दीडला पहिली उलटी झाली, चारकोलची काळी. पहाटेपर्यंत आणखी तीन. सकाळी जुलाब सुरू झाले, दिवसभरात सहा, शेम पडत होती पण रक्त नाही. जीभ कोरडी, लघवी कमी. सलाइन चालू केलं, उलटीवर ऑन्डॅनसेट्रॉन दिलं. दुपारी पोटॅशियम जरासं खाली आलं, ते सलाइनमधून भरून काढलं. यकृत आणि मूत्रपिंडांचे आकडे रोज पाहिले, जागचे हलले नाहीत. २६ तारखेला संध्याकाळी ती मऊ भात मागून जेवली, २७ ला सकाळी घरी गेली. आठवड्याने पुन्हा तपासण्या केल्या, त्या सगळ्या ठीक होत्या.

शी गाळून बघायचं काम आईने आणि आमच्या एका सिस्टरने केलं. चारकोलमुळे शी काळीकुट्ट, त्यात लाल मणी उठून दिसतो. दोन गुंजा अखंड निघाल्या, टरफलावर ओरखडासुद्धा नव्हता. तिसरी कधीच सापडली नाही. ती मनूने चावली की पार्किंगमध्ये गेली, कोण सांगणार! मला विचाराल तर रुमालातल्या अर्ध्यामुर्ध्या गुंजेनेच एवढा त्रास दिला असावा. पण हा अंदाज झाला.

आता बाबांच्या मुद्द्याकडे येते, कारण तो त्यांनी दुसऱ्या दिवशी वॉर्डात पुन्हा काढला, आणि तो टाकाऊ नव्हता. समजा ती खरीच हॉली असती, तर? ती औषधी आहे ना?

इलेक्स या प्रजातीत पाचशेहून अधिक जाती आहेत. त्यातल्या मोजक्या जातींच्या पानांत कॅफीन असतं. येर्बा माते पॅराग्वे, अर्जेंटिना, दक्षिण ब्राझीलमध्ये घरोघरी पितात. इक्वेडोरकडे ग्वायूसा आहे. उत्तर अमेरिकेच्या आग्नेय भागातली यॉपॉन ही तिथल्या मूळ रहिवाशांच्या विधींमधल्या काळ्या पेयाची वनस्पती. त्या विधींत लोक उलट्या करताना गोऱ्या प्रवाशांनी पाहिलं, म्हणून शास्त्रीय नावात व्होमिटोरिया आलं. पानांनी मुळात उलटी होते असं नाही. चीनमध्ये काही जातींच्या पानांचा कडवट कुडिंग चहा करतात. या सगळ्यांत पितात ती पानं, तीही वाळवून, भाजून किंवा धुरी देऊन. फळं कुणी पीत नाही. आणि युरोपातल्या हॉलीची पानंही या पंक्तीतली नाहीत. तिच्या पानांचा काढा तिकडच्या घरगुती औषधांत ताप, संधिवात, लघवी साफ होण्यासाठी द्यायचे. आज तो कुठल्या आजारावर द्यावा इतका पुरावा नाही, आणि पोट बिघडण्याची शक्यता आहे ती आहेच.

प्रजाती एक म्हणून गुण एक, हे कुठून आलं कळत नाही. आपल्याच भाजीच्या टोपलीत वांगं आणि बटाटा हे दोघं सोलॅनम प्रजातीतले सख्खे शेजारी. वांग्याचं फळ आपण मसाला भरून खातो. बटाट्याच्या झाडाला हिरवी, छोट्या टोमॅटोसारखी फळं धरतात, ती खाल्ली तर सोलॅनिनची विषबाधा होते. बाबांना हे लगेच पटलं. त्यांच्या मामांची शेती मंचरला आहे, बटाट्याची फळं त्यांनी पाहिलेली होती.

मातेविषयीही त्यांना जाता जाता सांगितलं. त्यात कॅफीन आहे, तेव्हा चहा-कॉफीचा हिशेब त्यात धरावा आणि मुलांना देऊ नये. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सियसच्या वर गरम असलेली सगळीच पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी 'बहुधा कारणीभूत' या गटात टाकली. त्याहून कोमट मातेवर तो ठपका नाही. उकळतं घशात ओतू नका, एवढाच त्याचा अर्थ. पर्समधल्या 'हॉली' पुष्पौषधीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. एडवर्ड बाख या इंग्रज डॉक्टरच्या ३८ पुष्पौषधींपैकी ती एक, मत्सर आणि रागासाठी म्हणून देतात. त्यात झाडाचा अंश नावापुरता, टिकण्यासाठी सहसा ब्रँडी. विषारीही नाही आणि हट्टीपणावर चालते असंही मला कधी दिसलेलं नाही.

आजींचा प्रश्न मात्र निराळा होता. "डॉक्टर, गुंजेचा पाला तर आम्ही विड्यात घालतो. गोड लागतो. आवाज सुटतो. आणि वैद्य चाईवर, डोक्यावरचे केस जागोजागी जातात त्यावर, गुंज लावायला देतात. मग विष कसं?"

हे त्यांचं खरंच आहे. गुंजेच्या पानांत गोड चवीची द्रव्यं आहेत, पाल्याशिवाय विडा न खाणारे लोक पुण्यात कितीतरी आहेत. विष साठलेलं असतं ते बीमध्ये. आयुर्वेदानेही गुंजेला निरुपद्रवी म्हटलेलं नाही. ती उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांत, मोडते, आणि शोधन, म्हणजे तिचं विष कमी करण्याची प्रक्रिया, केल्याशिवाय वापरायची नाही असा दंडक आहे : पुरचुंडी बांधून दोलायंत्रात, म्हणजे भांड्यात लटकवून, दुधात किंवा कांजीत उकळत ठेवायची. अ‍ॅब्रिन हे प्रथिन असल्यामुळे दीर्घ उष्णतेने त्याची घडी मोडते, तेव्हा या रीतीमागे अर्थ दिसतो. चाईसाठी लेप म्हणून तिचा बाहेरून वापर जुना आहे. आपल्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई(१) या परिशिष्टात विषारी आयुर्वेदिक द्रव्यांची यादी आहे, त्यात गुंजेचं बी आहे. ते असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना छापावी लागते. आधुनिक वैद्यकानेही गुंज वापरून पाहिली आहे. १८८० च्या दशकात युरोपात खुपऱ्यांवर, म्हणजे पापण्यांच्या आतल्या जुनाट संसर्गावर, गुंजेचं पाणी डोळ्यात घालायची टूम निघाली होती. डोळा मुद्दाम सुजवायचा, म्हणजे जुना रोग सुजेबरोबर जाईल, असा तर्क. काहींचे डोळे त्यात गेले आणि ती टूमही गेली.

म्हणजे वैद्याने शोधन करून लेपाला दिलेली गुंज, सोनाराच्या तागडीतली गुंज आणि मुलाच्या दाढेखालची गुंज, धोका तिन्ही ठिकाणी वेगळा. आजींना हे समजवावं लागलं नाही. त्यांनी नातीच्या बाबतीत नेमकी हीच भीती पहिल्यापासून धरली होती. फक्त डिंकाखालचा काळा डोळा त्यांना दिसला नव्हता.

गुंज दागिन्यात आणि शोभेच्या वस्तूंत जगभर जाते. २०११ च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या ईडन प्रोजेक्ट या वनस्पतिउद्यानाने आपल्या दुकानांतून विकलेली गुंजांची ब्रेसलेट परत मागवली होती. ती पेरूमध्ये बनवलेली होती. आपल्याकडे गुंज बाजारात सहज, स्वस्तात मिळते, रंग उडत नाही, कीड लागत नाही. शोभेच्या वस्तू करणाऱ्याला यापेक्षा काय हवं?

मनूला घरी सोडताना लिहून दिलं ते थोडक्यात असं. पुढचा आठवडाभर पुन्हा उलट्या, जुलाब, शीमध्ये रक्त, अंग पिवळं, लघवी कमी किंवा मूल सुस्त वाटलं तर त्याच दिवशी आणायचं. अनोळखी फळ, बी, पान तोंडात गेलं तर घरात उलटी काढायची नाही. तोंडातून निघालेलं आणि झाडावरचं उरलेलं दोन्ही सोबत घ्यायचं. मूल निपचित पडलं, झटका आला किंवा श्वासाला त्रास झाला तर १०८. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषमाहिती केंद्राचा चोवीस तासांचा टोल-फ्री नंबरही दिला, १८०० ११६ ११७. सोसायटीच्या कुंपणाला ड्युरांटा आणि फाटकाशी पिवळी बिट्टी आहे असं आई म्हणाली. ड्युरांटाची केशरी फळं पोट बिघडवतात. बिट्टीचं बी थेट हृदयाच्या ठोक्यांवर घाला घालतं, तिथे वाट बघत बसायचंच नाही. मुलं बिट्ट्यांनी गोट्यांसारखं खेळतात, म्हणून हे वेगळं सांगितलं.

रीथ बनवणाऱ्या बाईंना मावशीने फोन केला. मावशी चिडूनच बोलणार होती, पण त्या बाईंच्या घरातही दोन वर्षांचा नातू निघाला आणि गुंजांची अर्ध्या किलोची पिशवी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडी होती. त्यांनी विकलेल्या रीथ गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर निरोप टाकून परत मागवल्या. मग मावशीमार्फत मला विचारलं, गुंजेच्या जागी रतनगुंज चालेल का? ती मोठी, सबंध लाल, काळा डोळा नसलेली बी. झाड वेगळं, अ‍ॅडेनँथेरा, आणि गुंजेइतकं जहाल नाही. पण कच्ची बी खाण्याजोगी नाही आणि लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकायला अगदी बेताच्या मापाची आहे. नको, असं कळवलं. पुढच्या रीथ त्यांनी लाल लोकरीचे गोंडे शिवून केल्या, डिंकाने न चिकटवता दोऱ्याने.